शिकलेली विद्या आणि सोडलेला दवाखाना

गेल्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमचा भाचा एका बँकेचे जामीनपत्र घेऊन आमच्याकडे आला. वय एकेचाळीस. येथील गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. आणि पुढे एम.डी. झालेला, चार वर्षे सरकारी नोकरीत काढलेला आणि गेली नऊ वर्षे दौलतगंजात स्वतःचा दवाखाना चालविणारा हा मुलगा. तो दवाखाना बंद करून रुग्णालयांतील यंत्रे दुरुस्त करण्याचा आणि त्यांचे सुटे भाग पुरविण्याचा धंदा त्यास काढावयाचा होता. त्यास कर्ज हवे होते, बँकेस जामीनदार हवा होता, आणि निवृत्तिवेतन नियमितपणे घेणारा मामा हा जामीनदार म्हणून बरा असतो हे बँकेसही ठाऊक होते.

तो कागद आमच्या मेजावर अकरा दिवस पडून राहिला. सदतीस वर्षांच्या राज्य शासनाच्या सेवेत आम्ही सह्या पुष्कळ केल्या, परंतु एवढा वेळ कोणत्याही सहीस लागला नव्हता. त्या अकरा दिवसांत मनात जे चालले होते ते येथे मांडीत आहोत. या पत्रिकेचे वाचक बहुतांशी आमच्यासारख्याच घरांतील आहेत. आज ना उद्या असा कागद त्यांच्याही मेजावर येईल.

घरात प्रथम जे झाले ते सांगणे आवश्यक आहे. आक्का, म्हणजे त्याची आई, रडली. भाऊजी रडले नाहीत, पण म्हणाले, "धंदाच करायचा होता तर एम.डी. कशाला हवे होते?" एका चुलत बंधूंनी अधिक गंभीर आक्षेप घेतला : सरकारी महाविद्यालयातील एक जागा वाया गेली, ती ज्याला मिळाली नाही असा कोणी गरिबाचा मुलगा आज डॉक्टर असता. आणि एक आक्षेप कोणीच बोलून दाखविला नाही, तरी तो खोलीभर पसरला होता. आपल्या घरातील मुलगा आता दुकानात बसणार. हे तीन आक्षेप एकमेकांत मिसळून येतात, म्हणून त्यांचे उत्तर देता येत नाही. पहिला पैशाचा आहे, दुसरा न्यायाचा आणि तिसरा प्रतिष्ठेचा. आम्ही अकरांपैकी निदान चार दिवस तिसऱ्या आक्षेपास दुसऱ्याचे कपडे घालून मिरवीत होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

मराठीत या बाबतीत शब्दांचीही गंमत आहे. डॉक्टर जे करतो त्यास आपण 'व्यवसाय' म्हणतो आणि वाणी जे करतो त्यास 'धंदा'. 'व्यवसाय' हा शब्द मुळात निश्चय, निर्धार या अर्थाचा. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो त्याच अर्थाने आला आहे. पुढे तो उपजीविकेस चिकटला आणि त्यातही उजळ कपड्यांच्या उपजीविकेस. 'धंदा' म्हणताना आपला आवाज किंचित खाली येतो. ग्वाल्हेरीत हिंदीच्या शेजारी दोनशे वर्षे राहिल्यामुळे 'पेशा' हा तिसरा शब्दही आपल्या तोंडी आहे, त्याने गोंधळात भरच पडते. पण क्रियापद मात्र खोटे बोलत नाही. दुकान 'चालते' आणि दवाखानाही 'चालतो'. लग्नाच्या बोलण्यात डॉक्टर मुलाविषयी "प्रॅक्टिस कशी चालते?" असे विचारतात, तेव्हा किती रोगी बरे झाले हे कोणास ऐकावयाचे नसते.

दुकानाविषयीची ही अढी आपल्या रक्तातच आहे असे आम्ही समजत होतो. परंतु रक्ताचा इतिहास तपासला तर वेगळेच दिसते. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तळाचे शहर झाले तरी नाव लष्कर हेच राहिले. आपले पूर्वज या तळाबरोबर आले ते शिलेदार, बारगीर, फडावरचे कारकून, पागेकडील आणि मुदपाकखान्याकडील माणसे म्हणून. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनियार येथे एकाच दिवशी दोन लढाया हरल्या आणि पुढच्या वर्षीच्या तहाने संस्थानची फौज कमी करण्यात आली. तलवार बांधणाऱ्या कितीतरी घरांस त्यानंतर लेखणी धरावी लागली असणार. पुढे १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९५१ च्या कायद्याने जहागिरी गेल्या, आणि १९५६ च्या १ नोव्हेंबरास मध्यप्रदेश झाला तेव्हा राजधानी भोपाळला गेली. दर वेळी घरे तीच राहिली आणि आतील माणसांची कामे बदलली.

आमचे आजोबा एका जहागिरीचे हिशेब पाहत. जहागीर गेली तेव्हा ते पन्नाशीत होते. मोडी वळणदार लिहिणाऱ्या त्या गृहस्थाने त्या वयात महाजनी लिपी शिकून घेतली आणि सराफ्यातील एका पेढीवर खतावणी लिहिण्याचे काम धरले. मरेपर्यंत म्हणजे चौदा वर्षे त्यांनी ते केले, आणि त्यावरच आमच्या वडिलांचे व दोन काकांचे शिक्षण झाले. ही गोष्ट घरात बोलली जात नसे. आजोबांचे जे छायाचित्र आमच्या बैठकीत आहे ते जहागिरीच्या काळातील पगडीचे आहे. पेढीवरील आजोबांचे छायाचित्र कोणी काढलेच नाही. पन्नाशीनंतर नवी लिपी शिकणे हे केवढे धैर्य होते हे आम्हांस साठी उलटल्यावर, भाच्याचा कागद समोर असताना, प्रथम जाणवले.

परंतु आजोबांवर ती वेळ आली होती. भाच्यावर कोणतीही वेळ आलेली नव्हती. त्याचा दवाखाना चांगला चालत होता. संकटात मार्ग बदलणे आणि सुस्थितीत मार्ग बदलणे यांची नैतिक तपासणी एकाच मापाने होत नाही, असे आम्ही स्वतःस बजावले.

वैद्यकी आणि व्यापार यांच्या संबंधाविषयी आपल्याकडे प्राचीन काळीही विचार झालेला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात असा अभिप्राय आहे की जे वैद्य चिकित्सा हा विकावयाचा माल समजतात ते सोन्याची रास टाकून धुळीची रास जवळ करतात. हा उतारा आम्ही आठवला आणि क्षणभर आम्हांस विजय झाल्यासारखे वाटले. पण नीट पाहता हा उपदेश वैद्यकी सोडून व्यापार करणाऱ्यास नाही. वैद्यकीत राहून व्यापार करणाऱ्यास आहे. ज्याने पाटी खाली उतरवली आणि उघडपणे दुकान मांडले त्याच्याविषयी तेथे चरक काही म्हणत नाही. त्याच संहितेच्या विमानस्थानात दुसरा विचार आहे, आणि तो भाच्याच्या बाजूने जातो : आयुर्वेदास पार नाही, म्हणून शिकणे कधी थांबवू नये, बुद्धिमान माणसास सारे जग गुरूस्थानी असते, आणि हिताचे बोलणे शत्रूचे असले तरी ऐकून घ्यावे. सारे जग गुरू मानावयाचे म्हटल्यावर त्यातून यंत्र दुरुस्त करणारा कारागीर आणि जमाखर्च शिकविणारा मास्तर यांना कसे वगळणार?

आणि वैद्य व व्यापारी यांच्यातील रेघ तरी कोठे ओढावयाची? पनवेलचे वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली श्रीधूतपापेश्वर या औषधनिर्मितीच्या कारखान्याचा पाया घातला. तोवर वैद्य समोरच्या रोग्याची नाडी पाहून त्याच्यापुरते औषध घोटून देई. जो रोगी कधी दृष्टीसही पडणार नाही त्याच्यासाठी औषध तयार करावयाचे, बाटलीत भरावयाचे आणि किंमत लावून पाठवावयाचे, हा पूर्णपणे निराळा उद्योग. याला खलबत्त्याबरोबर वहीखाते लागते, कामगार लागतात, भांडवल लागते. वैद्यकी येथे संपली काय? ज्या गावात वैद्य नव्हता तेथेही औषध पोचू लागले, हे तर खरे. आमच्या आजीच्या फडताळात अशा बाटल्या नेहमी असत आणि त्या धंद्यातून आल्या म्हणून त्यांचा गुण कमी झाल्याचे तिने कधी सांगितले नाही.

वैद्यकी सोडण्याचे आपल्या सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण अर्थातच डॉ. श्रीराम लागूंचे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले, कान-नाक-घशाचे शल्यविशारद झाले, पुढील अभ्यासासाठी कॅनडा व इंग्लंड येथे गेले, टांझानियात त्यांनी काम केले, आणि १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, शस्त्रक्रियेची हत्यारे ठेवून ते पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' रंगभूमीवर आले. आज त्यांच्याविषयी "एक जागा वाया गेली" असे कोणी म्हणत नाही. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की लोकांस जी उडी वाटते ती उडी नव्हती. महाविद्यालयाच्या दिवसांपासून ते नाटक करीत होते, आणि वैद्यकीच्या शेजारी दुसरी विद्या बरीच वर्षे शिकली जात होती. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. लागू अपयशी ठरले असते तर आपण काय म्हटले असते? यशामुळे प्रश्न सुटत नाही, तो दिसेनासा होतो. आमच्या भाच्याचा निर्णय योग्य की अयोग्य हे त्याचा धंदा चालतो की बुडतो यावर ठरणार असेल, तर आज सही करताना आम्हांस विचार करण्याचे कारणच नाही. आम्ही फक्त ज्योतिषाकडे जावे.

याच सुमारास, पाचव्या की सहाव्या दिवशी, आमच्या कपाटातील जुन्या छायाचित्रांत एक सत्कारसमारंभ सापडला. बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एक तरुण डॉक्टर भारतीय प्रशासन सेवेत निवडला गेला. त्याच्या सत्काराच्या सभेत आम्ही पुष्पहार घेऊन उभे आहोत आणि चेहऱ्यावर समाधान मावत नाही. त्याच्याही शिक्षणावर सरकारचा पैसा खर्च झाला होता. त्यानेही एका जागेवर बसून दुसऱ्या कोणाला बाहेर ठेवले होते. त्याच्याकडूनही यापुढे कोणी नाडी पाहून घेणार नव्हते. तरीही त्या दिवशी "जागा वाया गेली" हे शब्द आमच्या मनात आले नाहीत. उलट भाषणात आम्ही 'सोन्याला सुगंध' की असेच काहीतरी म्हणालो असू. डॉक्टराचा कलेक्टर झाला तर मान उंचावते आणि डॉक्टराचा दुकानदार झाला तर खाली जाते. तेव्हा आमच्या आक्षेपात रोग्याची काळजी किती होती? अभियंत्यांचीही गोष्ट तीच. पोलादाचे शास्त्र शिकून बँकेत गेलेल्या मुलांचे पेढे आपण खाल्लेले आहेत.

हे छायाचित्र पाहिल्यावर खरे तर सही करून मोकळे व्हावयास हरकत नव्हती. परंतु आक्षेप घेणारा ढोंगी ठरला म्हणजे आक्षेप खोटा ठरतो, असे नाही. आमच्या नोकरीतील एक प्रसंग मध्ये आडवा आला.

पुष्कळ वर्षे झाली. आम्ही तेव्हा ज्या कचेरीत होतो तेथे एका खेड्यातील आरोग्य केंद्राच्या डॉक्टराचा राजीनामा आमच्या टेबलावरून पुढे गेला. त्यास एका शहरात औषधांच्या घाऊक व्यापारात भागीदारी मिळत होती. बंधपत्राची रक्कम त्याने भरली होती, कागद पूर्ण होते. नियमाप्रमाणे हरकत घेण्यासारखे काही नव्हते. आम्ही टिपणीत 'स्वीकारण्यास हरकत नसावी' असे लिहिले आणि दुसरी फाईल ओढली. त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी वेगळ्या कामासाठी दौऱ्यावर असता आमची जीप त्याच गावात थांबली. केंद्रास कुलूप होते. व्हरांड्यात धान्याची पोती रचलेली होती. आम्ही खाली उतरलो तशी एक म्हातारी काठी टेकत लगबगीने आली, आमच्या समोर उभी राहिली आणि तिने काही न बोलता आपले मनगट पुढे केले. स्वच्छ कपड्यांचा, जीपमधून उतरलेला माणूस म्हणजे डॉक्टर, असा तिचा समज झाला होता. बरोबरच्या पटवाऱ्याने तिला हटविले. नवा डॉक्टर तोवर आला नव्हता, आणि नंतरही बराच काळ आला नाही.

ते मनगट आम्हांस आजही दिसते. बंधपत्राची रक्कम सरकारजमा झाली होती, कायद्याने हिशेब पुरा झाला होता. आणि तरीही त्या मनगटाचे देणे कोणीतरी लागत होते. ते त्या डॉक्टराचे की आमचे, की ज्याने दोन वर्षांत दुसरा डॉक्टर पाठविला नाही त्या व्यवस्थेचे? तिघांचेही असेल. परंतु व्यवस्थेच्या नावावर टाकलेले देणे कोणी फेडत नाही हे आम्ही व्यवस्थेच्या आत बसून सदतीस वर्षे पाहिले आहे.

आपल्या शास्त्रांत ऋणांची कल्पना आहे. तीन ऋणे प्रसिद्ध आहेत. महाभारताच्या आदिपर्वात पंडूच्या तोंडी चार आहेत, आणि चौथे मनुष्यांचे. यांतील ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे मानले आहे. म्हणजे जो जन्मभर शिकत राहतो तो एक ऋण तर फेडीतच असतो. पंडूचे चौथे ऋण मात्र शिकून फिटत नाही. ते माणसांशी दयेने वागून फिटते. एका ऋणाच्या पावतीवर दुसरे ऋण फिटल्याचे दाखविता येत नाही, हे हिशेबाच्या कोणत्याही विद्यार्थ्यास कळेल. आजन्म शिक्षणाची थोरवी गाणाऱ्या भाषणांत हा भाग सहसा गळतो. नवे शिकणारा माणूस काहीतरी सोडूनही जात असतो, आणि जे सोडले त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी उभे असते.

आठव्या दिवशी भाचा पुन्हा आला. कागदाचे काय झाले असे त्याने विचारले नाही. आम्ही त्यास म्हातारीची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मामा, मी तिथे असतो तर नाडी नक्की पाहिली असती. आणि मग तपासणीसाठी तिला जिल्ह्याला पाठवली असती, आणि तिथले यंत्र बंद असते."

मग त्याने २०२१ च्या एप्रिल-मेमधील, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतील एक रात्र सांगितली. एका लहान रुग्णालयात मदतीसाठी बोलावल्यावरून तो गेला होता. अतिदक्षता कक्षात माणसे ताटकळत होती आणि शेजारच्या खोलीत श्वसनाची दोन यंत्रे प्लॅस्टिकची आवरणे घालून उभी होती. बिघाड मोठा नव्हता. हवेचा प्रवाह मोजणारा एक छोटा भाग निकामी झाला होता. तो भाग मिळत नव्हता, आणि मिळाला असता तरी बसविणारा माणूस नव्हता. "माझ्याकडे दोन पदव्या होत्या, मामा. त्या रात्री त्या पुरल्या नाहीत." त्या रात्री काय झाले हे त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

त्यानंतर तो शिकू लागला. प्रथम एका कारागिराकडे, रविवारी, यंत्र उघडून बसावयास. मग इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घरबसल्या. हे मुक्त विद्यापीठ १९८५ साली निघाले आणि त्याच्या पहिल्या काही अभ्यासक्रमांत व्यवस्थापनाचा होता. नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तो आजही मोठा आधार आहे. आयुष्यात कधी दुसऱ्या वर्गात न उतरलेला हा मुलगा हिशेबाच्या विषयात पहिल्या खेपेस नापास झाला. आक्काकडून आम्हांस हे नंतर कळले. रात्री दवाखाना बंद करून तो ताळेबंदाची उदाहरणे सोडवीत बसे आणि शाळेत जाणारी मुलगी त्याच्या बेरजा तपासून देई. सरकारी निविदा कशी भरतात, वस्तू व सेवा कराचे विवरण कसे देतात, देयके थकली तर कामगारांचे पगार कोठून द्यावयाचे, हे सारे तो चाळिशीच्या उंबरठ्यावर अ आ इ पासून शिकला.

आम्ही वाद घातला. यंत्रे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ मिळतील, डॉक्टर मिळत नाहीत, असे म्हटले. त्याचे म्हणणे असे की तंत्रज्ञ मिळतात, परंतु बंद पडलेल्या दहा यंत्रांपैकी कोणते आज रात्रीच चालू झाले पाहिजे हे ओळखणारा मिळत नाही. ते डॉक्टरासच कळते. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मग आम्ही थोड्या खवचटपणाने विचारले, "आणि नफा?"

"नफा होईल, मामा. झालाच पाहिजे. चार मुले आय.टी.आय.मधून घेतली आहेत, त्यांना पगार द्यायचे आहेत. आणि मलाही घर आहे."

या उत्तराने आमचे मन जेवढे वळले तेवढे त्याच्या बाकीच्या युक्तिवादाने वळले नाही. तो सेवा, समर्पण वगैरे शब्द काढील याची आम्ही वाट पाहत होतो, आणि त्याने तसे केले असते तर कदाचित आम्ही सही केली नसती. धंद्यास धंदा म्हणण्याची त्यास लाज वाटत नव्हती. दवाखाना चालविताना मात्र, तो म्हणाला, कोणत्या तपासणीत आपला फायदा आहे आणि कोणत्या तपासणीत रोग्याचा, हे दर वेळी स्वतःस विचारावे लागे, आणि उत्तर दर वेळी स्वच्छ येत नसे. चरकाचा उतारा त्याने वाचलेला नाही. पण धुळीची रास त्याने पाहिली होती.

मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांची हकीकत आम्ही पूर्वी वाचली होती, ती या ठिकाणी आठवली. हे प्रथम प्रसूतिशास्त्राकडे वळलेले. संधिवाताने बोटे वाकडी झाली तेव्हा त्यांनी नेत्रशल्यक्रियेची विद्या नव्याने शिकून घेतली, त्याच वाकड्या बोटांनी. १९७६ साली वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी सेवेतून निवृत्त होऊन त्यांनी अकरा खाटांचे नेत्ररुग्णालय काढले आणि मग तिसरी विद्या शिकली ती व्यवस्थापनाची : एका शस्त्रक्रियेचा वेळ कसा वाचवावा, पैसे देणाऱ्या रोग्याच्या पैशात न देणाऱ्याचे काम कसे करावे. १९९२ साली त्याच संस्थेने डोळ्यांत बसवावयाची भिंगे स्वतः बनविण्याचा कारखाना काढला, आणि आयात भिंगांची जी किंमत गरिबास परवडत नव्हती ती एकदम खाली आली. भिंगाच्या कारखान्याने किती डोळे वाचविले आणि शल्यविशारदाच्या हाताने किती, ही वाटणी करणे कठीण आहे. अर्थात वेंकटस्वामींनी डोळे तपासणे सोडले नव्हते. भाचा सोडणार होता. साम्य तेवढ्यावर थांबते, आणि हे आम्ही त्यास सांगितलेही.

आमचे मत शेवटी असे झाले. सरकारी जागेचे देणे हे मोघम देणे आहे. ते कोणास, किती आणि केव्हापर्यंत, हे कोणी सांगू शकत नाही, आणि मोघम देण्याच्या नावाखाली माणसास जन्मभर एका खुर्चीस बांधून ठेवणे हा अन्याय होईल. भाच्याने सरकारी नोकरीची चार वर्षे आणि दवाखान्याची नऊ वर्षे दिली होती. परंतु ज्यांची नावे सांगता येतात अशा माणसांचे देणे मोघम नसते. दौलतगंजातील त्या लहानशा खोलीत वर्षानुवर्षे येणारे मधुमेहाचे, रक्तदाबाचे, दम्याचे रोगी होते. खेड्यातील त्या डॉक्टराने राजीनामा दिला तेव्हा आम्ही टिपणीत एकच प्रश्न लिहावयास हवा होता : याच्या जागी उद्या सकाळी कोण बसणार? तो आम्ही लिहिला नाही. तेव्हा अकराव्या दिवशी भाच्यास बोलावून तोच प्रश्न विचारला.

त्याने यावर विचार केलेला नव्हता. दवाखान्याच्या दारावर सूचना लावावयाची आणि जवळच्या दोन डॉक्टरांचे पत्ते द्यावयाचे, एवढे त्याने ठरविले होते. विचारल्यावर त्याचा चेहरा उतरला. आम्ही सही केली. अट घातली नाही, कारण जामिनावर अट घालून वसूल केलेल्या कर्तव्याची किंमत आम्हांस नोकरीत कळलेली आहे. कागद घेऊन तो गेला.

दवाखाना डिसेंबरच्या पहिल्या तारखेस बंद व्हावयाचा होता. तो संक्रांतीपर्यंत चालू राहिला. नियमाने येणाऱ्या प्रत्येक रोग्यासाठी त्याने एकेक पान लिहून काढले : कोणता आजार, कोणती औषधे मानवली, कोणती मानवली नाहीत, घरी पाहणारे कोण आहे. धंद्याचे दीड महिने त्यात गेले आणि बँकेचा पहिला हप्ता आक्काच्या ठेवीतून भरला गेला. याबद्दल भाऊजी अजूनही आमच्याशी नीट बोलत नाहीत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे एक वृद्ध गृहस्थ त्याचे जुने रोगी. परवा रस्त्यात भेटले. हातात तेच पान होते, घड्या पडून मऊ झालेले. नव्या डॉक्टराकडे जाऊन आलात का, असे आम्ही विचारले.

"गेलो होतो. औषध बरोबर दिले. पण तो बोलत नाही हो."

यावर काय म्हणावे ते आम्हांस सुचले नाही. आम्ही त्यांच्याबरोबर बाड्यापर्यंत चालत गेलो आणि ते वाटेत आपल्या गुडघ्यांविषयी सांगत राहिले.